घरच्या घरी कॉफी चाखायला कसं शिकायचं? (वाडगे, भुरके आणि खारपाणाचं पाणी)

पूर्णाकाठ

मंडळी, कॉफीवर इथे धागे बरेच आहेत, पण बहुतेक यंत्रांवरचे. कोणतं मशीन घ्यावं, कोणता ग्राइंडर, किती हजारांचा. मला बोलायचंय ते चाखण्याबद्दल. दोन कॉफ्यांतला फरक ओळखायचा कसा, आणि ओळखला तर दुसऱ्याला सांगायचा कसा?

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात. इथे कॉफी दोन प्रकारची. पाहुणे आले की कपात साखर आणि इन्स्टंट पूड चमच्याने घोटून पांढरी करायची, वरून उकळतं दूध. आणि दुसरी लग्नातली, वाफेच्या मशीनची, वर चॉकलेटची पूड भुरभुरलेली. दोन्ही आवडीने पिते, तेव्हा नाक मुरडायला आलेले नाही. पण नणंद बंगळूरला असते, ती येताना तिकडच्या पुड्या आणते. पुडीवर लिहिलेलं असतं 'जास्मिन, ब्लूबेरी, हेझलनट'. यातली जाई तेवढी आमच्या अंगणात आहे. ब्लूबेरी मी अजून खाल्लेली नाही आणि हेझलनट फक्त चॉकलेटच्या कागदावर पाहिलाय.

तर कॉफीचे व्यावसायिक चाखणारे जे करतात तेच घरी सुरू केलं. याला कुठलंही यंत्र लागत नाही. त्यांचं माप असं: १५० मिली पाण्याला ८.२५ ग्रॅम कॉफी, जाडसर दळलेली, रव्याहून थोडी भरड. घरी १८० मिलीच्या वाडग्याला १० ग्रॅम धरा, म्हणजे साधारण दोन सपाट मोठे चमचे. पाणी ९३ अंशांच्या आसपास, म्हणजे उकळी आली की गॅस बंद करून मिनिटभर थांबायचं. पूड कोरडी असतानाच आधी वास घ्यायचा. मग पाणी ओतायचं आणि चार मिनिटं हात लावायचा नाही. वर पुडीची साय धरते. चार मिनिटांनी नाक वाडग्याशी नेऊन चमच्याच्या पाठीने ती साय मोडायची. सगळ्यात जास्त वास त्या एका क्षणाला येतो, तेव्हा तोंडात गप्पा नकोत. मग वरचा फेस दोन चमच्यांनी काढून टाकायचा आणि आठ-दहा मिनिटांनी चाखायला घ्यायचं. चाळणी नाही, गाळणी नाही, गाळ तळाशी बसतो.

चाखायचं म्हणजे भुरका मारायचा, चांगला आवाज करून. कॉफीचा फवारा तोंडभर उडायला पाहिजे, कारण आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग घशामागून नाकात जाणारा वास असतो. विश्वास नसेल तर नाक दाबून सोप (बडीशेप) चावा. फक्त थोडं गोड लागेल. नाक सोडलं की सोप 'येते'. आमच्याकडे पहिल्या दिवशी भुरक्यांचा आवाज ऐकून सासूबाई म्हणाल्या, "पोट्ट्यांले भुरकू नका म्हणून वरडतो आपण, अन् आता तूच!"

एक नियम मात्र सोडत नाही: एकटा वाडगा कधीच चाखायचा नाही. कमीत कमी दोन, शेजारी शेजारी, एकाच वेळी पाणी ओतलेले. एकच कॉफी समोर असली की 'छान आहे', 'कडू आहे' यापुढे गाडी जात नाही. दुसरी शेजारी आली की लगेच 'ही हलकी', 'ती तोंड कोरडं करते', 'हिचा वास पहिल्यापेक्षा फळाकडे जातो' असं सुचायला लागतं.

शब्दांबाबत माझं मत असं की ब्लूबेरीचा नाद सोडावा आणि आपल्या डब्यांतलं वापरावं. सासूबाईंना आम्ही काहीही न सांगता चार वाडगे दिले. एकावर त्या म्हणाल्या, "हे त जुन्या कुटारावानी लागते बाई." (कुटार म्हणजे भुसा.) पुडी पाहिली तर त्या चारातली तीच सर्वांत जुनी, कधीची डब्याच्या मागे राहिलेली. कॉफीच्या जाणत्या लोकांतही जुन्या पिकाच्या दाण्याला गवत, तागाचं पोतं, लाकूड असंच म्हणतात. त्यांनी कुटार म्हटलं, मला ते जास्त नेमकं वाटलं.

आता प्रश्न. एक, तुम्ही कसे शब्द वापरता? दोन, आमच्या पाण्याचं काय करू? खारपाणपट्टा आहे, हापशीचं पाणी खारट, नळाला शहानूर धरणाचं पाणी येतं पण रोज नाही, आणि वर आरओची कॅन. तिन्हींत कॉफी तीन तऱ्हांची लागते.

चुलीवरचा_चहा

कापसाला भाव नाही, सोयाबीनचं जे झालं ते झालं, आणि इथे वाडग्यात नाक घालून जाईचा वास शोधणं चालू आहे. चालू द्या. आम्ही आपले आलं टाकून चहा.

हुरडा

वाचतोय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

बंगळूरवासी_वैदर्भीय

मूळचा वणीचा, कामामुळे इकडे. धागा आवडला. पुडीवरच्या काही शब्दांबद्दल लिहितो, कारण चवीचा अंदाज तिथूनच सुरू होतो.

कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. भारतीय पुडीवर 'प्लांटेशन' लिहिलं असेल तर ती धुतलेली अरेबिका. फळाचा गर काढून, दाणे आंबवून, पाण्याने स्वच्छ धुऊन मग वाळवतात. 'चेरी' लिहिलं असेल तर फळ आख्खंच अंगणात वाळवलेलं असतं, गर दाण्यावरच सुकतो. 'पार्चमेंट' शब्द रोबस्टासोबत दिसला तर तो धुतलेला रोबस्टा. ए, बी, सी, डबल ए ही अक्षरं दाण्याच्या आकाराची, चाळणीच्या भोकावरून. चवीची नाहीत. 'पीबी' म्हणजे फळात दोन चपट्या दाण्यांऐवजी एकच गोल दाणा भरलेला.

चाखायला शिकताना ही सगळ्यात सोपी जोडी: एकाच भागातली प्लांटेशन आणि चेरी. धुतलेली स्वच्छ आणि जरा आंबट-तरतरीत लागते, आख्खी वाळवलेली जड, फळकट, कधीकधी आंबूस. दुसरी जोडी अरेबिका आणि रोबस्टा. रोबस्टात कॅफीन जवळजवळ दुप्पट, चव भाजलेल्या धान्याची, शेंगदाण्याच्या करपलेल्या सालाची, तोंडात दाट लागतो. भारतात पिकणाऱ्या कॉफीत दोन तृतीयांशाहून जास्त रोबस्टाच असतो, आणि एकूण कॉफीतली सुमारे ७० टक्के कर्नाटकात होते. त्यामुळे रोबस्टाला नावं ठेवून आपलं भागत नाही. चांगला धुतलेला रोबस्टा मिळाला तर जरूर घ्या.

मान्सून्ड मलबार नावाची एक आहे, तीही एकदा वाडग्यात ठेवून बघा. शिडाच्या जहाजांच्या काळी मलबार किनाऱ्यावरून युरोपात कॉफी पोचायला महिनोन् महिने लागत, दमट हवेने दाणे फुगून फिकट व्हायचे आणि तिथल्या लोकांना त्याच चवीची सवय झाली. जहाजं वेगवान झाल्यावर ती चव गेली, म्हणून आता पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या उघड्या गोदामांत दाणे मुद्दाम वाऱ्यावर ठेवतात. आंबटपणा जवळजवळ नाहीसा होतो, मसाल्याची आणि मातीची चव उरते.

शब्दांबद्दल ताई म्हणाल्या ते पटलंच, त्याला आधारही आहे. कॉफीच्या चवींची नावं गटागटाने मांडलेलं एक रंगीत चाक असतं, ते १९९५ साली अमेरिकेत निघालं आणि २०१६ मध्ये नव्याने बनवलं. नव्या चाकामागे चवींचा एक कोश आहे, त्यात ११० गुण दिलेत, आणि बहुतेकांपुढे एक प्रत्यक्ष पदार्थ आणि ० ते १५ या पट्टीवर त्याची तीव्रता. म्हणजे 'ब्लूबेरी' हे कवित्व नाही, तिथल्या दुकानातला अमुक पदार्थ आहे. दर्यापूरच्या दुकानात तो नसेल तर दर्यापूरचा पदार्थ ठेवायचा. फक्त घरातल्या सगळ्यांनी तोच पदार्थ खाल्लेला असला पाहिजे, नाहीतर बोलणं जमत नाही.

वऱ्हाडी_ठसका

मले एक सांगा ताई. ते आंबट कॉफी म्हंजे नासकी नाई का? आमच्या जावयानं पुण्यावरून आणली व्हती महागाची. घोट घेतला अन् म्या म्हटलं हे त आंबली. थो म्हणे मामा, अशीच असते, यालेच पैसे पडते. म्या म्हटलं बाप्पा, आंबट पाहिजे त निंबू पिऊ ना, ५ रुपयात काम होते.

पूर्णाकाठ

@चुलीवरचा_चहा, भावाचं दुःख आमच्याही घरात आहे हो, कापसाची गंजी अजून घरातच पडून आहे. खर्च सांगते: २५० ग्रॅमला चारशे ते सहाशे रुपये पडतात, त्यात दहा ग्रॅमचे पंचवीस वाडगे. एक वाडगा वीस रुपयांच्या आसपास. रोज परवडत नाही, रोज करतही नाही. आणि जिनिंगवर ग्रेडर बोंडातला कापूस बोटांनी ओढून धाग्याची लांबी सांगतो, त्यावर तुमचा-माझा भाव ठरतो. तिकडच्या मळेवाल्याचं तेच वाडग्यावर ठरतं. शंभरपैकी ८० किंवा जास्त गुण पडले की माल 'स्पेशालिटी'त, म्हणजे खास दर्जाच्या कॉफीत, जातो.

@वऱ्हाडी_ठसका काका, आंबटात फरक असतो. नासकं आंबट वेगळं, फळाचं वेगळं. घरी असं करा: चार वाट्यांत कोमट पाणी. एकीत निंबाचे चार थेंब, एकीत चिंचेचा कोळ अगदी बोटाच्या टोकाएवढा, एकीत ताकाची निवळी, एकीत व्हिनेगरचा थेंब. चारही आंबट, पण डोळे मिटूनही वेगवेगळे कळतात. निंबू-संत्र्यातलं सायट्रिक, चिंचेतलं टार्टारिक, ताकातलं लॅक्टिक, व्हिनेगरमधलं अ‍ॅसेटिक. कॉफीच्या दाण्यात सायट्रिक असतंच, सफरचंदात असतं ते मॅलिकही असतं. हलकी भाजली की ती टिकतात, गडद भाजली की कमी होतात आणि कडवटपणा पुढे येतो. तर जावईबुवांची कॉफी निंबाकडे जात होती की व्हिनेगरकडे, ते आठवून बघा. व्हिनेगरकडे असेल तर तुमचंच बरोबर. शिवाय पूड जाडी, पाणी कोमट, घाईत गाळलेली असेल तर चांगली कॉफीही नुसती आंबट उतरते. आणि तासभर गरम ठेवलेली असेल तर तो आंबटपणा आणखीच निराळा, तो कुणालाच आवडत नाही.

असंच कडू आणि तुरटाचं. आमच्या घरात सगळे तुरटालाच कडू म्हणायचे. मेथीदाणा चावा, ते कडू, जिभेच्या मागे राहतं. सुपारीचं खांड किंवा हिरड्याचा तुकडा चघळा, हिरड्या आखडतात, गाल आतून कोरडे होतात, ते तुरट. आता मुलगी सहावीत आहे, ती बरोबर सांगते: "ही कडू नाही मम्मी, ही सुपारी आहे."

(तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन कुणी चाखायला बसू नका. आमच्या दिरांना दोनदा बसवलं, त्यांना चारही वाडग्यांत एकच चव.)

काळी_माती

अकोल्याला अन्नतंत्रज्ञानाचं शिक्षण घेतलंय, सध्या मूर्तिजापूरजवळ घरची शेती बघतो. पाण्याचा प्रश्न माझ्या आवडीचा आहे म्हणून लांब लिहितो.

वाडग्यात ९८ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे पाण्याची चव आधी बघायची. कॉफीच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास असावेत, ७५ ते २५० पर्यंत चालतं असं कॉफीवाले धरतात. हे क्षार मोजायचं टीडीएसचं छोटं मीटर कॅनवाल्यांकडे असतं, मागून मोजून घ्या. आपल्याकडच्या विहिरी-बोअरचा आकडा त्याच्या कितीतरी वर जातो.

पण आकड्यापेक्षा त्यात काय आहे ते महत्त्वाचं. बायकार्बोनेट जास्त असलं, म्हणजे ज्या पाण्याने भांड्याला पांढरा थर बसतो ते पाणी, तर ते कॉफीतली आम्लं मारून टाकतं. मग पाचशेची प्लांटेशन आणि साधी पूड सारखीच सपाट लागते. पाण्याला जडपणा देणाऱ्यांतला कॅल्शियम-मॅग्नेशियम मात्र थोडा हवाच, चव दाण्यातून बाहेर ओढायला तो मदत करतो.

खारपाणाची गंमत वेगळी. त्यात सोडियम. सोडियम अगदी थोडा असेल तर जिभेला कडूपणा कमी जाणवतो. चिमटीच्या टोकाएवढं मीठ टाकून कडक कॉफी करून बघा, कळेल. पूर्णाकाठ ताईंना हापशीच्या पाण्यातली कॉफी 'मऊ' लागली असेल तर नवल नाही. पण पूर्णेच्या खोऱ्यात ते मीठ चिमटीएवढं राहत नाही, त्यामुळे कॉफी सरळ खारट होते. ते पाणी चाखायला काय, रोज प्यायलाही घेऊ नका.

आरओ कॅनमध्ये उलट अडचण. मशीनवाल्याने क्षार पार काढून टाकले असतील तर कॉफी पातळ आणि टोचरी आंबट उतरते. मी आरओचं तीन भाग आणि नळाचं एक भाग मिसळतो. तुमच्या नळाच्या पाण्यावर प्रमाण बदलेल. एकच कॉफी घ्या, तीन वाडगे, तीन प्रमाणं, आणि ज्यात फळाची आंबटगोड चव सगळ्यात मोकळी येते ते प्रमाण कॅनवर खडूने लिहून ठेवा. पाणी ठरेपर्यंत महागड्या पुड्या मागवू नका, पैसे वाया.

आजीचं_जायफळ

तुम्ही सगळे काळ्या कॉफीबद्दलच बोलताय. आमच्याकडे यवतमाळला आई एकादशीच्या रात्री कॉफी करायची, म्हशीचं दूध, भरपूर साखर, वर जायफळ किसून. ती चव चाखणं नाही का? की दूध घातलं म्हणजे माणूस अडाणी?

पूर्णाकाठ

अजिबात नाही. सासूबाई वाडग्यांचं सगळं झालं की शेवटी दूध-साखर घालूनच पितात. फक्त क्रम लक्षात ठेवा. काळी चाखून मग त्याच कॉफीत दूध घातलं तर कळतं कोण दुधात तग धरतं. हलकी भाजलेली फळकट अरेबिका म्हशीच्या दुधात विचित्र लागते, आंबटपणा वर येतो आणि बाकीचं बुडतं. रोबस्टा आणि गडद भाजलेली मजबूत उभी राहते. तुरटपणा दुधातल्या प्रथिनांना चिकटून बसतो, म्हणून सुपारी लागणारी पूडही दुधात सौम्य होते. चिकोरीचं मिश्रण दुधासाठीच बरं. जायफळ मात्र इतकं जोरकस असतं की त्याखाली कोणतीही पूड खपते. तुमच्या आईंच्या हातचं जायफळ चाखायचं असेल तर पूड साधीच घ्या.

चिकोरीवरून आठवलं. कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी असा नियम आहे, बाकी उरलेली चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ. कॅफीन शून्य. पुडी 'शुद्ध' म्हणून विकली असेल आणि शंका असेल तर ग्लासभर पाण्यावर चिमूटभर पूड हलकेच सोडा. कॉफी वर तरंगते. चिकोरी काही सेकंदांत बुडायला लागते आणि खाली जाताना तपकिरी रेघ सोडते.

घाटवळण

परतवाड्याहून. इतका वेळ कुणी चिखलदऱ्याचं नाव काढलं नाही याचं आश्चर्य वाटलं! महाराष्ट्रातही कॉफी पिकते, ती तिथे. उंची हजार मीटरच्या वर, पाऊस भरपूर, झाडांची सावली. फिरायला गेलात तर दुकानांत पूड मिळते.

मी घेतलेली पूड फार गडद भाजलेली होती. गडद भाजलं की सगळ्या जागा सारख्या लागतात, चिखलदरा काय आणि चिकमंगळूर काय, फक्त भाजलेपणा कळतो. म्हणून पुढच्या खेपेला ओळखीतून कच्चे दाणे मिळवले आणि घरीच भाजले. चाखायला शिकायचं असेल तर हे एकदा तरी करा.

लोखंडी कढई, मध्यम आच, मूठ-दीड मूठ दाणे, आणि उलथनं थांबवायचं नाही. आधी दाणे हिरवे-राखाडी. मग पिवळे पडतात, ओल्या गवताचा वास येतो. थोड्या वेळाने तोच वास भाजणीकडे वळतो, आमच्या घरात सगळ्यांना ज्वारी भाजतोय असं वाटलं. मग तपकिरी होता होता एकदम तडतड सुरू होते, लाह्यांपेक्षा मोकळा आवाज. दाण्याचं तापमान त्या वेळी २०० अंशांच्या जवळपास असतं. तडतड थांबता थांबता उतरवले तर हलके-मध्यम. तसंच ठेवलं तर थोड्या वेळाने दुसरी तडतड होते, बारीक, कुरकुरीत, आणि दाण्यावर तेल चमकायला लागतं. तिथे चिखलदरा संपला. उतरवल्याबरोबर सुपात घेऊन पाखडायचं, फोलपटं उडतात आणि दाणे लवकर थंडही होतात. वजन साधारण १५ टक्के घटतं. धूर होतो, अंगणात करा.

एकाच कढईतले तीन टप्प्यांवर तीन मुठी काढून ठेवल्या, एक दिवस राहू दिल्या, मग वाडगे मांडले. पहिली कच्च्या शेंगेकडे जाणारी, आंबट. दुसरी गुळाकडे, संत्र्याच्या सालीचा थोडा कडसर वास. तिसरी नुसती करपलेली भाकरी. दाणे तेच, झाड तेच. चव दाण्याची कोणती आणि आचेची कोणती हे त्या दिवशी कळलं.

बंगळूरवासी_वैदर्भीय

@घाटवळण, दंडवत! एक जोड देतो: भाजल्यावर दाण्यातून कार्बन डायऑक्साइड काही दिवस निघत राहतो, म्हणून ताज्या भाजलेल्या कॉफीवर पाणी ओतलं की ती फसफसून वर येते. हलकी भाजलेली चार-पाच दिवस ठेवून पुन्हा चाखा, पहिल्या दिवसाची धुराची झाक जाते. आणि दळून ठेवू नका. आख्खे दाणे बंद डब्यात काही आठवडे टिकतात, पुडीचा वास काही दिवसांत उडतो.

गणिताचा_तास

वर 'मला हे कळलं, ते कळलं' बरंच झालं. खरंच कळतंय का हे तपासायची एक साधी रीत सांगतो. तीन वाडगे. दोनांत एकच कॉफी, तिसऱ्यात दुसरी. मांडणाऱ्याने वाडग्याच्या बुडाला खूण करायची, चाखणाऱ्याने फक्त वेगळा वाडगा काढून दाखवायचा. कोणती चांगली, कोणती कुठली, काही विचारायचं नाही. अंदाजपंचे बोट ठेवलं तरी तीनात एकदा बरोबर येतं, त्यामुळे एकदा जमलं तर टाळ्या वाजवू नका. लागोपाठ चार वेळा बरोबर आलं तर नशिबाने तसं व्हायची शक्यता ८१ मध्ये १. तेव्हा मानायचं.

वाडगे सारखे हवेत, पाणी एकाच भांड्यातून, आणि मांडणाऱ्याने तोंडाकडे बघत बसायचं नाही. आमच्या घरी बायको बघायची आणि मी तिच्या भुवयांवरून ओळखायचो.

मोहफूल

कुरखेड्याची. आख्खी वाळवलेली चेरी भाच्याने आणली होती, डबा उघडल्याबरोबर अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांचा वास. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा, फुलं जरा मऊ पडून गोडसर आंबायला लागतात तो. पुडीवर 'वाइनी' लिहिलं होतं. घरात सगळ्यांनी एकाच वेळी मोह म्हटलं. एरवी आमचं कशावर एकमत होत नाही.

हुरडा

एक शंका. चार-चार वाडगे रात्री चाखले तर झोप कशी लागते?

काळी_माती

थुंकायचं. चाखणारे गिळत नाहीत, बाजूला तांब्या ठेवतात. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन ठीक धरतात, दहा ग्रॅम अरेबिकाच्या आख्ख्या वाडग्यात शंभराच्या वर जातं, रोबस्टात दुप्पट. प्यायलेल्यातलं निम्मं पाच-सहा तासांनीही अंगात असतं. संध्याकाळी पाचच्या आत उरका. गरोदर असाल तर मर्यादा याहून निम्मी. ताईंच्या सहावीतल्या मुलीला चमचाभर चाखवून थुंकायला लावा, वाडगा देऊ नका.

चुलीवरचा_चहा

घरात दोन पुड्या होत्या, म्हटलं करून बघू. पाण्यावरची परीक्षा केली. एक तरंगली. दुसरी, ज्यावर मोठ्या अक्षरात शुद्ध लिहिलंय, ती रेघ सोडत खाली. दुकानदाराला दाखवलं तर म्हणे वरूनच असं येतं. बरं, पुडीच्या मागे बारीक अक्षरात ३० टक्के चिकोरी छापलेलंही होतं, चष्मा लावल्यावर दिसलं.

दोन वाडगेही मांडले. एक कडू, एक जास्त कडू. याच्या पुढे माझी जीभ गेली नाही. बायकोला मात्र एकीत भाजलेलं चिकू लागलं. भाजलेलं चिकू तिने कधी खाल्लं ते मला माहीत नाही.

चहा सुटणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पूर्णाकाठ

भाजलेलं चिकू बरोबरच असणार! चिकोरीच्या मुळातल्या साखरा भाजताना करपून तसा गोडसर-कडू वास येतो. वहिनींना गणिताच्या तासाला बसवा.

@काळी_माती, तीन-एक प्रमाण आमच्या नळाला जरा जास्त झालं, चार-एकवर थांबले. फरक इतका की नणंदेने आणलेली जी पुडी मी 'काही दम नाही' म्हणून मागे ठेवली होती तिच्यातून बोराची चव आली. पिकलेलं गावठी बोर, सालीजवळचं.

वऱ्हाडी_ठसका

हाव ताई, आता मीही करतो म्हटलं. पण आमच्या इकडं हे मिळत नाई. काय मागवू ते सोप्या भाषेत सांगा. अन् दळाचं मशीन घ्याले लावू नका.

पूर्णाकाठ

काका, ऑनलाइन मागवताना दोनच घ्या, प्रत्येकी लहानातली लहान पुडी. एक प्लांटेशन अरेबिका, मध्यम भाजलेली. दुसरी रोबस्टा किंवा चेरी. भाजल्याची तारीख बघा, महिन्याच्या आतली असावी. तारीखच छापलेली नसेल तर घेऊ नका. आख्खे दाणे मागवा.

दळायला मिक्सरचं चटणीचं भांडं पुरतं. एका वेळी दोन-तीन सेकंद फिरवायचं, थांबून भांडं हलवायचं, पुन्हा फिरवायचं. सलग फिरवलं तर पूड तापते आणि पीठ होतं. मग रव्याच्या चाळणीने चाळून खालचं पीठ बाजूला काढा, वरचं भरड वाडग्यात. पीठ टाकू नका, दुधाच्या कॉफीत जातं. त्या भांड्यात आदल्या दिवशी लसणाची चटणी वाटली असेल तर आधी मूठभर तांदूळ फिरवून घ्या, नाहीतर दोन्ही वाडग्यांत लसूणच लागेल.

जावईबुवा पुन्हा येतील तेव्हा त्यांनाही बसवा, पुड्या लपवून.

वऱ्हाडी_ठसका

थो येते दिवाळीले. पाहतो आता त्याची जीभ किती महागाची हाये ते.